लाल दोऱ्याचा चष्मा

"घरी कोणाचा चष्मा पडून आहे का?"

हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. सौसरच्या मुलींच्या शाळेत मी रुजू होऊन तासही झाला नव्हता. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात नेमणुकीचा कागद, बसच्या धुळीने केसांची केरसुणी झालेली. बाकीच्या शिक्षिकांनी माझं नाव विचारलं, आडनावावरून जात काढली, लग्न का झालं नाही याचीही चौकशी आटोपली. या बाईंना त्यातलं काहीच नको होतं. मान तिरकी करून त्या माझ्याकडे बघत होत्या आणि उत्तराची वाट पाहत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

ते खोटं होतं. माझ्या ट्रंकेच्या तळाशी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला, बाबांचा चष्मा होता. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"असला तं सांगजो. घाई नाही," असं म्हणून बाई शिवणाच्या तासाला निघून गेल्या.

शाळेत त्यांना सिलाईबाई म्हणत, गावात चष्मेवाल्या बाई आणि पाठीमागे घार. पन्नाशीच्या, काटकुळ्या, खांद्यावर पदराला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. ती सुई विसरून कुणी प्रेमाने गळ्यात पडलं तर त्याची खैर नसायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. दोन घरं सोडून एक पुतण्या राहायचा. कुणाच्या घरी माणूस गेलं की तेरा दिवस थांबून बाई दारात उभ्या राहत आणि तोच प्रश्न विचारत. एकदा त्यांची खबर चुकली. रामाकोना गावातल्या एका घरी त्या पोचल्या तर ज्यांच्यासाठी गेल्या ते आजोबा ओसरीत खाटेवर बसलेले. बाईंना बघून आजोबांनी दोन्ही हातांनी चष्मा धरला आणि ओरडले, "मी अजून मेलो नाही व बाई! जाय इथून!" बाईंनी हात जोडले. "बसा, बसा. मी थांबतो." ही हकिकत त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच खोकला येईस्तोवर हसत.

सौसरमध्ये एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी दिली. बाई बौद्ध. आम्ही पांढुर्ण्याकडचे संत्र्याच्या बगिच्यावाले. आई मला पोचवायला आली, भिंतीवरची बुद्धाची तसबीर तिने पाहिली आणि चहा घेत नाही म्हणाली. तिला चहा घेतल्याशिवाय सकाळ होत नसे. मीही काही फार वेगळी नव्हते. पहिला महिनाभर मी प्यायचं पाणी शाळेच्या माठातून भरून आणत होते. हे लिहिताना आज हात जड होतो, पण लिहिते. बाईंना ते कळत होतं. एक दिवस माझ्या हातातल्या कळशीकडे बघून त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "शाळेतला माठ सकाळी मीच भरतो, पोरी. तेच पाणी एवढ्या लांबून वाहून राहिली."

मी कळशी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून घरचं पाणी प्यायला लागले.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती. कपडे वाळत घालावेत तसे तिच्यावर चष्मे लटकत. प्रत्येकाच्या दांडीला रंगीत दोरा: निळा जवळचं पाहायचा, हिरवा लांबचं पाहायचा, लाल मोतीबिंदूचा. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यातलं भिंगही जायचं आणि त्याच्या जागी नाकावर बाटलीच्या बुडासारखी जाड काच यायची. ती असली तर माणूस डोळस, फुटली तर पुन्हा आंधळा. फुकटच्या नेत्रशिबिरात डोळे काढून, म्हणजे मोतीबिंदू काढून आलेल्या बहुतेकांचे नंबर जवळपास सारखे, त्यामुळे एकाचा चष्मा दुसऱ्याला चालून जाई. म्हणून लाल दोऱ्याला बाई फार जपत. दोरीवर निळे वीस असले तर लाल एखादाच असे, कधी तोही नसे.

नंबर तपासायची त्यांची रीत डॉक्टरांना हसू आणणारी होती. येणाऱ्या म्हाताऱ्यांना अक्षर ओळखता येत नसे, मग तक्ता काय कामाचा? बाई त्यांच्या ओंजळीत मूठभर कापूस द्यायच्या. "यातला पाल्याचा चुरा काढ." ज्या चष्म्याने चुरा सगळा निघाला तो जवळचा चष्मा तिचा. लांबचं तपासायला अंगणात उभं करून समोरच्या बगिच्याकडे बोट दाखवायच्या. "पिकलेली संत्री किती दिसून राहिली? हिरवी सोड." एका म्हातारीने तेरा सांगितली. बाई म्हणाल्या अकराच आहेत. वाद एवढा रंगला की शेवटी बगिच्याच्या मालकाला झाडाखाली उभं करून मोजायला लावलं. तेरा निघाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःसाठी दोरीवरचा एक हिरवा चष्मा काढून घेतला.

एका चौकटीतली डावी काच, दुसरीतली उजवी, असं जुळवून त्या चष्मा उभा करत. चुलीतल्या गरम राखेत चौकट जरा वेळ पुरून मऊ करत आणि कानाच्या बेताने वाकवत. दांडी नसली तर काळा करगोटा बांधून देत. एवढं करून ज्या काचा फुटक्याच राहत त्या मडक्यात जात. काच उकिरड्यावर टाकायची नाही हा त्या घरातला कायदा होता. माझ्या हातून एकदा कंदिलाची काच फुटली. मी केराबरोबर ती मागे टाकली, तर बाईंनी अख्खा उकिरडा उपसून एकेक तुकडा वेचला आणि मला शेजारी उभं राहून बघायला लावलं.

"माही माय लोकाच्या वावरात निंदाले जाये," त्या तुकडे वेचता वेचता म्हणाल्या. "उकिरड्याचं खत वावरात पडते. खतात काच. तिची दोन बोटं चिरली ते मरेपर्यंत वाकली नाही. भाकर थापे तं भाकरीवर दोन बोटं सरळ उमटत."

त्यांचा हा सगळा नाद तिथून सुरू झाला होता. आधी काच वेचणं, मग काच वेचताना सापडलेले चष्मे, मग चष्म्यांसाठी माणसं. मडकं भरलं की त्याचं तोंड चुन्याने लिंपून ते ओट्याच्या भरावात पुरायचं. मी ओट्यावर ऐसपैस बसले की त्या म्हणत, "आरामात बस. सात मडक्यावर बसून राहिली तू."

कुणाचा चष्मा कुणाला गेला हे त्या कधी सांगत नसत. देणाऱ्याने घेणाऱ्याचं घर विचारायचं नाही, घेणाऱ्याने मेलेल्याचं नाव विचारायचं नाही. गावातल्या ज्या घरांत बाईंच्या हातचं पाणी चालत नसे त्या घरांतूनही माणसं मागच्या दाराने येत, कापूस निवडत आणि चष्मा घेऊन जात. बोरगावच्या एका पाटलीणबाईही आल्या. लाल दोऱ्याचा चष्मा घेऊन गेल्या आणि आठ दिवसांनी नोकराबरोबर रुमालात बांधून परत पाठवला. बाईंनी रुमाल सोडला. चष्मा कुठे होता? उन्हात पडलेल्या कारल्याच्या सालासारखं काहीतरी वाकडंतिकडं होतं आणि दोन काचा सुट्या पडल्या होत्या.

"काय केलं व याले?" बाईंनी विचारलं.

नोकर जमिनीकडे बघत म्हणाला, "कोणाचा असन कोणाचा नाही म्हणून आईसाहेबानं गोमूत्रानं धुतला. मंग तुळशीच्या पाण्यानं धुतला. मंग मनाचं समाधान नाही झालं म्हणून उकळला."

बाई तिथेच ओट्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. "धुतला तं धुतला, उकळला कायले? चष्मा आहे का बटाटा?" मग डोळे पुसून त्याच दोन काचा त्यांनी दुसऱ्या चौकटीत बसवल्या, नवा लाल दोरा बांधला आणि नोकराच्या हाती दिला. "आईसाहेबाले सांग, हा शुद्ध आहे. आता चुलीपासून लांब ठेवजो म्हणा."

मला राग आला. "तुम्ही परत कशाला दिला?" मी तडकून विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न मीच गिळला. "तिले दिसत नाही ना," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

पाण्याचा महिना अजून माझ्या मनात टोचत होता, म्हणून मला पाटलीणबाईंचा एवढा राग आला असावा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते खोटं नाही.

माझ्या ट्रंकेतल्या चष्म्याचं गुपित एका रविवारी फुटलं. रविवारी दुपारी दार लोटून मी तो बाहेर काढत असे. बाबांचा मोतीबिंदू शिबिरातच काढला होता. त्या काचांमागे त्यांचे डोळे केवढे मोठे दिसायचे! मी बाहेरून आले की ते मान वर करत आणि ते दोन मोठे डोळे माझ्यावर थांबत. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या डोळ्यांना आपलं सगळं दिसत असणार. चौकटीला अजून त्यांच्या खोबरेल तेलाचा वास होता. मी नुसती तो मांडीवर घेऊन बसायचे. त्या दिवशी बाई भरीत घेऊन आल्या, दार ढकललं आणि त्यांनी पाहिलं. वाटी ठेवली आणि आल्या पावली गेल्या. चार महिने त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

मग लोधीखेड्याहून ती म्हातारी आली. अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने आली, नातीचा हात धरून. नात सात-आठ वर्षांची, आईबाप नसलेली. म्हातारी बाईंच्याच समाजाची, आयुष्यभर लोकांच्या शेतात राबलेली, मोतीबिंदूने आंधळी झालेली. शिबिरात डोळे मिळाले तेव्हा नातीचं तोंड तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि आठ महिन्यांनी चष्मा बैलाच्या खुराखाली गेला. पुढचं शिबिर हिवाळ्यात. दोरीवर त्या दिवशी लाल दोरा एकही नव्हता.

म्हातारी ओट्यावर बसली होती, नातीच्या तोंडावरून बोटं फिरवत. बाई आत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुह्या बापाचा चष्मा लागत होता."

"तो बाबांचा आहे," मी म्हटलं.

"होता."

"मी देणार नाही, बाई. दुसरं काहीही मागा."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जातीपायी का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी तुम्हाला तशी वाटते? तुमच्या ताटात जेवते मी!"

"मले काय वाटते ते सोड," बाई म्हणाल्या. "तुहं मन मले समजते. तिले कसं समजन? पाटलीणबाईनं उकळला, तू पेटीत ठेवला. म्हातारीच्या डोळ्याले दोन्ही सारखंच."

म्हातारी संध्याकाळच्या गाडीने रिकामी परत गेली. तिला गाडीत चढवायला बाई गेल्या, मी खोलीत बसून राहिले. त्या रात्री मी जेवले नाही आणि बाईंनी आग्रहही केला नाही. सकाळी उठून मी पंचा सोडला, चष्मा शेवटचा हुंगला आणि शिवणाच्या मशीनवर नेऊन ठेवला. बाईंनी तो उचलला. काचांमागे शिवणाची टेप धरून आकडा केवढा दिसतो ते पाहिलं. दांडीला लाल दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि उरलेला दोरा दाताने तोडला.

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. मला म्हातारीचे डोळे त्या काचांमागे मोठे झालेले बघायचे होते, दुसरं काही नाही.

"नाही. देणाऱ्यानं चष्म्याच्या मागं जायचं नाही. मागं गेला की तो चष्मा पाह्यते, माणूस पाह्यत नाही."

त्या एकट्याच गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा मी ओट्यावर वाट बघत बसले होते. नियमाप्रमाणे त्या काही सांगणार नव्हत्या. चप्पल काढली, पाय धुतले, पदराने तोंड पुसलं. माझा चेहरा बघून त्यांना राहवलं नसावं.

"पोरीच्या केसात ऊ दिसली तिले," त्या म्हणाल्या. "चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आन् पह्यले तेच मारत बसली. मले पाणी बी विचारलं नाही."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. बाबा गेल्यावरही मी तशी रडले नव्हते. बाईंनी मला जवळ घेतलं. खांद्यावरची सुई तेवढी आधी काढून ठेवली.

पुढे माझी बदली पांढुर्ण्याला झाली, लग्न झालं. सौसर बसने दीड तासावर, पण संसार मांडल्यावर दीड तासही निघत नाही. निघत नाही कसला, मी काढला नाही. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शिबिरात डोळे काढल्यावर मी त्यांना भेटायला गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. पावलांच्या आवाजाने त्यांनी मान वर केली, आणि जाड काचांमागचे दोन मोठे डोळे माझ्यावर थांबले. कितीतरी वर्षांत माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं.

"आता पुरी दिसून राहिली तू," त्या म्हणाल्या. "बारीक झाली व."

मी शेवटची बस जाईपर्यंत त्यांच्या समोर बसून राहिले. शेजारी नाही, समोर.

त्या दिवशी त्यांनी मला सुयांच्या डबीतून एक बारीकसा पारदर्शक तुकडा काढून दाखवला. कुणा डॉक्टरच्या सुनेने नागपूरहून चष्म्याऐवजी बुबुळावर घालायच्या लेन्सची जोडी आणली होती. त्यातली एक मोरीत वाहून गेली म्हणून उरलेली तिने बाईंना देऊन टाकली होती. बाईंनी ती बोटावर धरून फिरवली. "मासोळीच्या खवल्यावानी आहे. हे कोणाले द्याव? एका डोळ्याची वस्तू एकाच डोळ्याची. तो मेला की हे बी मेलं." टाकायची कुठे ते ठरत नव्हतं म्हणून तिला डबीत जागा मिळाली होती.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा पुतण्याचा निरोप घेऊन माणूस शाळेतच आला. मी पोचले तेव्हा तिरडी अंगणात होती आणि चष्मा बाईंच्या डोळ्यांवरच होता. "चष्मा काढून घेजा रे," असं त्या वर्षभर सगळ्यांना बजावत होत्या, पण आता हात लावायला कुणी पुढे होईना. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. मी वाकले. एक दांडी कानामागून सोडवली, मग दुसरी. काचा निघाल्यावर बाईंचा चेहरा एकदम लहान दिसला. दांडीला लाल दोरा आधीच बांधलेला होता, त्यांच्याच हातचा.

"मॅडम, तुम्हीच द्या कोणाले तरी," पुतण्या म्हणाला. "तुम्हाले पद्धत माहीत आहे."

"देते," मी म्हटलं.

दिला नाही. आधी म्हटलं, नीट गरजू मिळू दे. मग म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे, जसं काही ते बौद्ध लोक वर्षश्राद्ध घालणार होते आणि मी जाणार होते. पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेतल्या शिपायाची आई पडली आणि तिचा जाड चष्मा फुटला. तो बिचारा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, तुमच्यापाशी एखादा चष्मा आहे म्हणते. मायले बिलकुल दिसून नाही राहिलं."

"नाही," मी म्हटलं.

आयुष्यात हे खोटं मी दोनदा बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि बाई होत्या. दुसऱ्यांदा मी चांगली जाणती होते, आणि वरून त्यांचीच शिष्या म्हणवून घेत होते. शिपायाची आई पुढच्या शिबिरापर्यंत भिंत धरून चालत राहिली. मला ते माहीत होतं. मी रोज त्याला "आई कशी आहे?" विचारायचे.

मग दिवस पालटले. मोतीबिंदू काढला की भिंग डोळ्यातच बसवायला लागले. माणसं दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून घरी येतात आणि महिन्याने तोही काढून टाकतात. फार चांगलं झालं. ज्याचं त्याच्या डोळ्यात राहतं आणि त्याच्याबरोबर जातं. मध्यंतरी मला उपरती झाली, म्हणून मी तो चष्मा घेऊन एका शिबिरात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने तो हातात घेतला, उजेडात धरला आणि हसून परत केला. "मॅडम, आता याला कोण विचारतं? टाकून द्या."

टाकू कुठे? उकिरड्यावर काच टाकायची नाही. ओट्यात पुरायला बाईंचा ओटा नाही. पुतण्याने घर विकलं आणि नव्या मालकाने ओटा खणून काढला तेव्हा त्याला आत मडकी सापडली म्हणे, धन असेल म्हणून त्याने ती फोडली. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा येतो आणि मला वाटतं, बाई इथे असत्या तर खोकला येईस्तोवर हसल्या असत्या. मग मला त्यांची इतकी आठवण येते की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

अशा वेळी मी ट्रंक उघडते, तो चष्मा घालते आणि आरशासमोर उभी राहते. माझे डोळे त्यात मोठे दिसत असणार, बाबांचे दिसायचे, बाईंचे दिसायचे तसे. पण मला ते दिसत नाहीत. त्या काचांतून मला आरसाच दिसत नाही, नुसता पांढरा धुरळा दिसतो. त्या धुरळ्यात कुणीतरी मान तिरकी करून उभं आहे असं मला वाटतं, आणि प्रश्न तोच असतो. आता मी खोटं बोलत नाही.

आहे, बाई. तुमचाच पडून आहे.